पैसे झिरकोनियाचे, कॅप धातूची

दोन वर्षांपूर्वी मी खालच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचे स्क्रू, आणि त्यांवर कॅप बसवून घेतल्या. पुण्यातील त्या दवाखान्याने इम्प्लांटचे प्रत्येकी २८,००० आणि झिरकोनियाच्या (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकच्या) कॅपचे प्रत्येकी १४,००० असे एकूण ८४,००० रुपये घेतले. धातूवर चिनीमातीचा थर असलेली कॅप तिथेच ६,००० रुपयांना मिळत होती. पण तिचा टवका उडतो, असे डॉक्टरांनीच सांगितल्यामुळे मी महागडी निवडली. कॅप बसवल्यावर चौदाव्या महिन्यात भाकरी खाताना टवका उडाला आणि आतून काळपट धातू दिसला. झिरकोनियावरचा थर उडाला असता, तरी खाली पांढरेच दिसले असते.

मला हे कळायला हवे होते ते कॅप बसवली त्याच दिवशी. हिरडीलगत करडी रेघ मला आरशात स्पष्ट दिसली होती, मी विचारलेही होते. "हिरडी बसली की जाईल," हे उत्तर ऐकून मी गप्प बसलो आणि वॉरंटी कार्ड "लॅबकडून येईल" म्हटल्यावर तेही सोडून दिले. डॉक्टरांच्या शब्दावर संशय घ्यायचा नसतो, हेच आम्हाला लहानपणापासून शिकवलेले आहे, आणि तोंड उघडून दिव्याखाली पडलेला माणूस तपासणार तरी काय?

कॅप चिकटवण्यापूर्वी हातात घेऊन उलटी करून पाहा; सिमेंटने बसवायची झिरकोनियाची कॅप आतूनही पांढरी असते.

डॉक्टरांनी लॅबवर ढकलले आणि नव्या कॅपचे पुन्हा पैसे मागितले. पोलीस ठाण्यात "हे आमचे काम नाही" म्हणून वाटेला लावले. मी अर्ज केला त्या एका कार्यालयाने दुसऱ्या दंतवैद्याचे लेखी मत मागितले. तिघांनी कॅप पाहून धातू असल्याचे तोंडी मान्य केले, परंतु सहव्यावसायिकाविरुद्ध कागदावर एक ओळ लिहायला एकही तयार झाला नाही, आणि तो कागद नाही म्हणून त्या कार्यालयाने सहा महिने माझा अर्ज हललाही नाही असे दर खेपेस सांगितले. फसलेल्यानेच पुरावा गोळा करायचा, तर ही कार्यालये कशासाठी आहेत?

माझ्या पावतीवर नुसते "दंतोपचार" लिहिले आहे. तुम्ही कॅपचा प्रकार लिहून घ्या, इम्प्लांटच्या वेष्टनावरील लॉट क्रमांकाचे स्टिकरही मागा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मात्र मुदत दोन वर्षांची आहे. मी गेल्या आठवड्यात तिथे तक्रार दाखल केली असून उडालेला टवका डबीत जपून ठेवला आहे.