डेंग्यूनंतर गळलेले केस आणि 5 टक्के मिनॉक्सिडिल: माझा दहा महिन्यांचा अनुभव

मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं केसांचं औषध सुरू करून दहा महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका, होते तेवढे पण गेले" असं लिहिलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात गणपती उठले आणि मला डेंग्यू झाला, ताप 103 च्या खाली यायला तयार नाही, प्लेटलेट 38 हजारांवर आल्या, चार दिवस ॲडमिट होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर केसांना काहीच झालं नाही, दिवाळीचं अभ्यंगस्नान पण नीट झालं, त्यामुळे मला वाटलं सुटलो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डोकं धुताना बोटांत झुबकाच आला. बाथरूमची जाळी तुंबायला लागली, उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस, मुलीच्या डब्यात केस निघाला त्या दिवशी मी खरंच रडले. एका रविवारी धुताना गळलेले सगळे पांढऱ्या पंचावर पसरून मोजले तर 240 भरले. रोज 50 ते 100 गळणं नॉर्मल धरतात.

आधी एका हेअर क्लिनिकात गेले, तिथे आजारपण विचारलं नाही, रक्त तपासलं नाही, सरळ सहा सिटिंगचं पीआरपीचं (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात ते) पॅकेज पुढे ठेवलं, मी उठून आले. मग स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी पन्नासेक केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली, आठ-नऊ केस हातात आले, त्यातला एक काळ्या कागदावर ठेवून मला दाखवला, मुळाशी खसखशीच्या दाण्याएवढी पांढरी गाठ. मी समजत होते की मूळच उपटून आलं, आता तिथे परत काही उगवणार नाही. मॅडम म्हणाल्या, "हा पिकून गळालेला केस आहे, मूळ आतच आहे. तीन महिन्यांपूर्वी काय आजार झाला होता सांगा."

त्यांनी जे समजावलं ते मला कुणी डिसेंबरातच सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती. डोक्यावरचे साधारण 85 ते 90 टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत असतात, ही विश्रांती तीनेक महिन्यांची. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की शरीर एकदम खूप केसांना विश्रांतीत पाठवतं आणि ते गळतात तीन महिन्यांनी. म्हणजे आज जो केस गळतोय त्याचा निकाल तापातच लागलेला असतो, आजचा शाम्पू किंवा आजचं पाणी बदलून तो थांबत नाही. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात आणि बहुतेकांचं ते तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबतं.

मग औषध कशाला, तर माझा भांग मधोमध आधीपासूनच रुंद होत होता, मशीनखाली जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसले, ते अनुवंशिक होतं. त्यासाठी 5 टक्के मिनॉक्सिडिल, रात्री एकदा 1 मिली. रक्तात टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ठीक, हिमोग्लोबिन 11.8, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, 14. लॅबच्या रिपोर्टवर ते रेंजमध्येच होतं, मॅडमना मात्र केसांसाठी 40 च्या वर हवं होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद (मला हेच सगळ्यात जड गेलं). रक्त तपासायच्या आधी काही दिवस बायोटिन बंद ठेवा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

20 जानेवारीला सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात गळणं वाढलं, हे होणार असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, जुने केस लवकर सुटतात आणि खालून नवे निघतात, तरी बाटली फेकून द्यावीशी वाटली. ज्यांनी इथे सोडलं त्यांचं मला वाईट वाटतं. याच काळात कमरेपर्यंतची वेणी खांद्यापर्यंत कापून टाकली. आई म्हणत होती सरळ टक्कल कर, दाट येतील. टक्कल केल्यावर येणारा केस टोकाला बोथट असतो म्हणून हाताला जाड लागतो, मुळाला वर काय कापलं ते कळत नाही.

मार्चच्या शेवटी कपाळाच्या कडेला ताठ उभे राहणारे बोटाच्या पेराएवढे केस दिसले, सासूबाईंनीच आधी पाहिले. मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचे, महिन्याला 1 ते 1.2 सेंमीच, एकदाही जास्त नाही. आज तेच केस 10 सेंमीला पोचलेत. "महिन्यात चार इंच" लिहिलेल्या जाहिराती दिसल्या की हा हिशोब आठवा, वर्षाला साधारण 15 सेंमी वाढतात, कमरेपर्यंत परत जायला मला तीन-चार वर्षं लागणार.

आता औषधाला श्रेय किती? कपाळाचे केस औषध नसतं तरी आले असते असं मला वाटतं, ते डेंग्यूत गेलेले होते. भांगाचा फरक मात्र औषधाचाच, फोटो शेजारी ठेवल्यावर कळतो, आणि तो सहाव्या महिन्यानंतर दिसायला लागला. सासूबाईंचं माका-जास्वंदीचं तेल मी रविवारी अजून लावते, त्यांच्या हातचं डोकं चोळणं मला आवडतं, पण केस उगवण्याचं श्रेय तेलाला देणार नाही.

त्रास सांगते. टाळूला खाज आणि पांढरा कोंड्यासारखा भुगा, पहिले दोन महिने. कानाजवळ बारीक लव वाढली, ती आहेच. लावल्यावर हात धुवायचेच, आणि सुकल्याशिवाय उशीवर डोकं ठेवायचं नाही, म्हणून मी साडेनऊलाच लावते. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर नको. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरांना विषारी आहे, आमची मनी माझ्या उशाशी झोपायची, तिची सवय मोडायला महिना गेला. आणि बंद केलं की औषधाने आलेले केस तीन-चार महिन्यांत परत जातात, हे कळूनच सुरू करा. 60 मिलीची बाटली मला दोन महिने जाते, पाचवी संपत आलीय.

डेंग्यूच्या आधी वेणीला रबराचे दोन वेढे बसायचे, फेब्रुवारीत चार बसत होते. परवा मुलीला शाळेत सोडायच्या घाईत केस बांधले आणि चौथा वेढा बसलाच नाही, तीनवरच घट्ट झालं.