दीड टनाच्या एसीला अडीचची वायर की चारची?

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी भर उन्हात साधारण ७ ते ९ अँपिअर खेचतो. तेवढ्यावरून वायरमन म्हणतो, "अडीच स्क्वेअर (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची वायर) बस झाली." दुकानदार म्हणतो, "एसीला चारचीच घ्या." खरा निकाल लागतो तो भिंतीतल्या पाइपात आणि डीबीतल्या (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) एमसीबीवर, म्हणजे जादा प्रवाह गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर.

पाइपातून ओढलेल्या पीव्हीसीच्या तांब्याच्या वायरची क्षमता ३० अंशांना अशी धरतात: २.५ चौ.मिमी. २४ अँपिअर, ४ चौ.मिमी. ३२. जळगाव-नागपूरच्या ४० अंशांत तिला ०.८७ ने गुणायचं. त्याच पाइपात गीझरची जोडी असेल तर पुन्हा ०.८ ने. अडीचची उरते १६.७ आणि चारची २२.३. म्हणजे अडीचवर १६चा एमसीबी जेमतेम चालतो, २०चा नाही. चारवर २०चा निर्धास्त. एमसीबी सारखा पडतो म्हणून अडीचच्या वायरवर ३२चा बसवणं हा सर्रास होणारा घोळ. एमसीबी वायरला वाचवायला असतो, एसीला नव्हे.

फिक्स्ड स्पीड (एकाच वेगाने चालणारा) एसी असेल तर अंतरही मोजा. सुरू होताना क्षणभर चाळीसेक अँपिअर जातात. डीबी २० मीटरवर असेल तर तेव्हा अडीचच्या वायरीत सुमारे १३ व्होल्ट पडतात, चारच्यात ८. गावाकडे मुळात १९०च येत असतील, तर कॉम्प्रेसर उचलतो की नुसता गुरगुरून बंद पडतो, हे त्या ५ व्होल्टांवरही ठरू शकतं. इन्व्हर्टर हळूहळू वेग घेतो, त्याला हा त्रास जवळपास नाही.

म्हणून नवं वायरिंग होत असेल किंवा एसी दोन टनांचा असेल, तर चारचीच ओढा. फ्लॅटमध्ये एसीसाठी अडीचची तांब्याची स्वतंत्र लाइन आधीच असेल, अंतर दहा-बारा मीटर असेल आणि एसी दीड टनाचा इन्व्हर्टर असेल, तर भिंत फोडू नका. सी कर्व्हचा (सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) १६चा एमसीबी लावा. जुनी अॅल्युमिनियमची लाइन मात्र बदलाच.

चारच्या वायरची एक खोड आहे. तिच्यात ०.३ मिमी.च्या ५६ तारा असतात आणि १६ अँपिअरच्या सॉकेटच्या भोकात त्या सहज मावत नाहीत. मग पक्कडीने दहा-पंधरा तारा छाटल्या जातात आणि चारची वायर नेमकी टोकाला जेमतेम तीनची उरते. वायर कुठेच तापत नाही, प्लगची पिन तेवढी तपकिरी पडते. त्यापेक्षा पिन लग (टोकाला बसवायची धातूची पिन) क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, किंवा प्लगऐवजी २० अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच लावून थेट जोडा.

अर्थिंगची हिरवी वायर फेजच्याच मापाची हवी, दोन्ही पर्यायांत. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. इन्व्हर्टरला ती ए टाइपची (डीसीचा अंश असलेली गळतीही ओळखणारी) घ्या. आतल्या-बाहेरच्या युनिटमधली केबल या हिशेबात येत नाही. तिचं माप कंपनीच्या इन्स्टॉलेशन शीटवर छापलेलं असतं.