माइनक्राफ्टचं मार्केटप्लेस : माल चांगला, पण सगळा हिशोब कॉइनमध्ये

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममधलं दुकान म्हंजे मार्केटप्लेस, आणि तिथले स्किन पॅक (आपल्या पात्राचे पोशाख) दिसायला एक नंबर आहेत हे आधीच सांगतो, कारण पुढे कुरकुरच करणारे. २०१७ मध्ये हे दुकान सुरू झालं, बेडरॉक व्हर्जनसाठी, म्हंजे आपली पोरं फोनवर खेळतात तेच. माल बनवणारे बरेचसे बाहेरचे प्रोफेशनल लोक, त्यात स्किन, मॅप (खेळायला तयार जग), टेक्श्चर (ठोकळ्यांचं रंगरूप) सगळं. शेडिंग, डोळे, कपड्यांच्या चुण्या बघितल्या की कळतं, हे कुणी टाइमपास म्हणून केलेलं नाय.

पण किंमत रुपयात दिसत नाही. आधी माइनकॉइन, म्हंजे गेममधले पैसे, घ्यायचे, तेही ठरलेल्या गठ्ठ्यात, मग पॅक घेतला की थोडे कॉइन उरतात, ते एकटे कसल्याच कामाचे नाहीत म्हणून पुढचा गठ्ठा. गणपतीत मुंबईची पोरं गावी आली की त्यांच्या स्किन बघून आमच्या गुहागरकडच्या पोरांना पण तेच हवं असतं, आणि यूपीआयवर पैसे जायला कितीसा वेळ लागतो! पोरांच्या हातात फोन देणाऱ्यांनी प्ले स्टोअरला पासवर्ड लावा, बाकी काय सांगू.

माझा भाचा शाळेत आहे, त्याने आमच्या कोकणातल्या शिमग्यातलं सोंग, संकासूर, याची स्किन बनवली. स्किन म्हंजे ६४ बाय ६४ पिक्सेलची पीएनजी फाइल, फोनवर पण रंगवता येते. काळे कपडे, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, सगळं जमलं, फक्त उंच टोपी काय जमेना. कारण साध्या स्किनमध्ये आकार बदलत नाही, डोक्याच्या ठोकळ्यावर अजून एक थर मिळतो, बस. खरी उंच टोपी पाहिजे तर २०१९ मध्ये आलेल्या कॅरेक्टर क्रिएटरमधला (गेममध्येच पात्र सजवायची सोय) वेगळा आयटम लागतो, आणि तो काय घरी बसून टाकता येत नाही.

मग त्याने विचारलं, मामा, हे विकता येईल का? तर नाही. विकायला मार्केटप्लेसचा पार्टनर व्हावं लागतं, त्याला रजिस्टर्ड बिझनेस लागतो, आधीचं काम दाखवावं लागतं. मला हे निम्मं पटतं, नायतर दुसऱ्याचं चोरून विकणाऱ्यांची जत्रा भरली असती. पण व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०११ मध्येच आपल्या टीम फोर्ट्रेस २ या गेमसाठी वर्कशॉप काढलं, तिथे कुणीही टोपी बनवून टाकावी, गेममध्ये घेतली तर विक्रीतले २५ टक्के बनवणाऱ्याला. वाटा लहान, पण दार उघडं. इथे माइनक्राफ्टवाल्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं की अ‍ॅप स्टोअरचा ३० टक्के कट गेल्यावर उरलेल्यातला निम्म्याहून जास्त बनवणाऱ्याला, म्हंजे वाटा बरा, पण आमच्या पोराला आतच घेत नाहीत. आणि जे आत आहेत त्यांच्याकडे निन्जा, ड्रॅगन, झोम्बी ढीगभर, आपला संकासूर नाय की दशावतारातला राजा नाय. ज्यांनी शिमगा बघितलाच नाही ते कुठून बनवणार म्हणा.

मॅप पाहिजे तर जरूर घ्या, त्यात पैसे वसूल होतात. नुसत्या स्किनसाठी मी तरी कॉइन घेणार नाही, स्वतःची फाइल फुकट लावता येते. भाच्याची हवी असेल तर मागा, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा, फोटो म्हणून आली तर पीएनजीची जेपीजी होते आणि पार वाट लागते.