बंदिस्त मॉल की खुली बाजारपेठ: जागामालकाने काय निवडावे?

शहराच्या मध्यवर्ती भागात जुनी गिरणी, कारखाना किंवा गोदाम असलेली चार-पाच एकर जागा ज्यांच्या मालकीची आहे, त्यांच्यापुढे वास्तुविशारद बहुधा दोन आराखडे ठेवतात. एक चार-पाच मजली, पूर्णपणे वातानुकूलित बंदिस्त मॉलचा. दुसरा दुमजली इमारती, अंगणे आणि पायवाटा असलेल्या खुल्या बाजारपेठेचा. ही निवड दर्शनी चित्रांवरून न करता हवामान, वरच्या मजल्यांचे भाडे आणि गाळ्यांची मालकी यांवरून करावी, असे माझे मत आहे. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असली, तरी बैठकांत तिची चर्चा सर्वांत कमी होते.

बंदिस्त मॉलची जमेची बाजू मुंबईच्या पावसात सर्वाधिक कळते. जून ते सप्टेंबर या काळात जिथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे कुटुंबाला तीन-चार तास कोरडे आणि गारव्यात थांबवणारी जागा वर्षभर चालते. अडचण उंचीची आहे. तळमजल्यावरचे गाळे लवकर भाड्याने जातात; तिसऱ्या मजल्यावर मात्र ग्राहक आपणहून चढत नाही, त्याला वर नेण्यासाठी काही ठोस कारण द्यावे लागते. म्हणूनच चित्रपटगृहे, फूड कोर्ट आणि मुलांच्या खेळाच्या जागा वर ठेवतात. घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये २०१३ साली सुरू झालेले किडझानिया हे त्याचेच उदाहरण. असा मोठा भाडेकरू चौरस फुटामागे छोट्या दुकानापेक्षा कमी भाडे देतो आणि त्याला जास्त उंचीचे छत व खांबांविना मोकळी जागा लागते, त्यामुळे त्याच्याशी बोलणी पाया खणण्यापूर्वीच व्हायला हवीत. शिवाय मार्गिका, मधला चौक, सरकते जिने आणि यंत्रखोल्या यांचे भाडे येत नाही, वातानुकूलनाचे बिल मात्र दुकाने रिकामी असली तरी येतच राहते.

प्रवेशद्वारावर कोणाला थांबवायचे, हाही आराखड्याचाच भाग असतो. मुंबईत हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स हा मॉल १९९९ साली उघडला, तेव्हा गर्दी आवरण्यासाठी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जात असे. आज हसू येते, पण सुरक्षा तपासणीच्या एकाच दारातून सर्वांना आत घेणारी इमारत वाटसरूला थोडे परके करतेच.

खुल्या बाजारपेठेला ही अडचण नसते, कारण रस्त्यावरून चालणारा माणूस नकळत आत शिरतो. तिचा मोठा आर्थिक फायदा म्हणजे ती टप्प्याटप्प्याने उभारता येते. लोअर परळची १९०५ मध्ये स्थापन झालेली फिनिक्स मिल एका रात्रीत बाजारपेठ झाली नाही. बोलिंगसारख्या करमणुकीपासून सुरुवात होऊन एकेक भाग बदलत गेला, धुराडे जागेवर राहिले, आणि पुढे त्याच आवारात पॅलेडियम हा बंदिस्त भागही आला. म्हणजे हे दोन पर्याय एकाच आवारात नांदू शकतात. मात्र पावसाची सोय न करता अंगणे आखणे हा शुद्ध हट्ट होय. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या इमारतींना १८९६ च्या नियमाने तळमजल्यावर कमानींचा सलग आच्छादित पदपथ सक्तीचा केला होता. त्याखालून आजही छत्री न उघडता दुकाने पाहता येतात. नव्या संकुलात हेच करावे, आणि पागोळ्यांचे पाणी ग्राहकाच्या वाटेवर पडणार नाही इतके छत पुढे काढावे.

खुलेपणा म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा समज मात्र सोडावा. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. अग्निशमन बंब वळू शकेल असा रस्ता आणि गच्चीवरून उतरणारा दुसरा जिना आधी आखावा; उरलेल्या जागेत टेबले मांडावीत.

आता मालकी. बांधकामाचा खर्च लवकर वसूल व्हावा म्हणून गाळे विकून टाकण्याचा मोह दोन्ही प्रकारांत होतो, खुल्या संकुलात जरा जास्तच, कारण तिथला प्रत्येक गाळा रस्त्यावरच्या दुकानासारखा दिसतो. एकदा शंभर मालक झाले, की कोणत्या दुकानाशेजारी कोणते दुकान असावे हे ठरवणारे कोणी उरत नाही, देखभालीची वर्गणी थकते आणि बंद शटरांच्या रांगा वाढतात. गाळे स्वतःकडे ठेवून किमान भाडे आणि विक्रीतला हिस्सा यांचा करार करावा. पैशांची निकड असेल, तर संकुल लहान बांधावे, पण विकू नये.

मुंबई आणि कोकणपट्टीत मी बंदिस्त गाभा आणि त्याला लागून कमानींचा बाजार सुचवीन. पुणे-नाशिककडे पाऊस बराच कमी असल्याने खुला पर्याय निःसंशय सरस ठरतो. नागपुरात मे महिन्याची दुपार हिशेबात धरून खुला भाग संध्याकाळपुरताच मोजावा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यामुळे बहुतेक दुकानांना चोवीस तास व्यवसायाची मुभा आहे. खुल्या संकुलात रात्री चार उपाहारगृहे स्वतंत्र चालू ठेवता येतात, तर मॉलमध्ये तेवढ्यासाठी सामाईक यंत्रणा सुरू ठेवावी लागते. अशी उपाहारगृहे निवासी इमारतींच्या बाजूस न ठेवता मुख्य रस्त्याच्या बाजूस ठेवावीत, म्हणजे आवाजाच्या तक्रारी कमी येतील.