नुसते नर की नर-मादी दोन्ही? स्नायूच्या प्रयोगासाठी उंदीर निवडताना

इथिक्स कमिटीचा अर्ज भरताना हा रकाना अडतोच. इथे नागपुरात मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, म्हणून लिहितो.

नुसते नर घेणं सुटसुटीत आहे. रोज सकाळी स्मिअर काढून (योनीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन) ऋतुचक्र तपासायला नको, जुन्या निष्कर्षांशी ताडून पाहणं सोपं. मादीच्या चार-पाच दिवसांच्या चक्राने आकडे हलतात, ही भीती मात्र फार टिकत नाही. 2014 मध्ये जवळजवळ तीनशे शोधनिबंधांतले आकडे एकत्र पाहिले गेले, तेव्हा माद्या नरांहून जास्त अस्थिर निघाल्या नाहीत.

माझा कल बदलला तो नरांच्या मारामाऱ्यांमुळे. संध्याकाळी नीट दिसलेला पिंजरा सकाळी उघडावा, तर दोघा-तिघांच्या शेपटीवर आणि पाठीवर चावे. स्नायू इजेतून कसा भरून येतो ते पाहायला आपण टिबियालिसमध्ये (नडगीपुढच्या स्नायूत) कार्डिओटॉक्सिन हे सापाच्या विषातलं द्रव्य टोचून मोजूनमापून इजा करतो, आणि अंगावर ही दुसरी इजा, दुसरी सूज. सातव्या दिवसाचा स्नायूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मॅक्रोफेज (सूज आली की जमणाऱ्या, मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) नेमके कशामुळे वाढलेत, सांगता येईना. वेगळं ठेवावं तर एकटेपणाचा ताण. मे महिन्यात पारा 45 वर गेला आणि एसी दमला, की भांडणं वाढतात असं मला तरी जाणवलं. माद्यांच्या पिंजऱ्यात हा त्रास जवळपास नव्हताच.

शिवाय विषयच असा आहे, की माद्या वगळून अर्धंच चित्र पाहणं पटत नाही. 2007 मध्ये पिट्सबर्गच्या गटाला एमडीएक्स उंदरांत (डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे नमुना-उंदीर) मादीच्या स्नायूतल्या मूलपेशींनी नराच्या पेशींपेक्षा जास्त तंतू घडवलेले दिसले. अंडाशय काढलेल्या मादीत सॅटेलाइट पेशी (स्नायू दुरुस्त करणाऱ्या मूलपेशी) घटतात, हे 2019 मध्ये पुढे आलं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा ग्राहक (रिसेप्टर) त्या पेशींतच काम करतो. म्हणजे नरांवरचा निष्कर्ष रजोनिवृत्तीनंतरच्या बाईला लावायचा कसा?

डुशेनवर काम असेल, तर मी नुसत्या नरांना नाही म्हणणार नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, रुग्ण बहुतेक मुलगेच. तेव्हा मारामाऱ्या टाळायला एकाच वेतातले भाऊ दूध तुटल्यापासून एकत्र ठेवा आणि पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचं थोडं साहित्य नव्यात टाका. बराच फरक पडतो.

बाकी प्रयोगांना, जमत असेल तर, दोन्ही घ्या. लिंगभेदच मोजायचा नसेल, तर संख्या दुप्पट करायची गरज नाही. प्रत्येक गट निम्मा-निम्मा वाटला तरी चालतं. फक्त माद्या पहिल्याच अर्जात लिहा, मागाहून घालायच्या तर पुन्हा मंजुरीची वाट बघावी लागते.