नौपाड्यातील स्पॅनिश वर्ग आणि एक अक्कलदाढ

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवार-रविवारी सकाळी भरणारा स्पॅनिशचा प्राथमिक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. बेलापूरच्या एका कार्यालयात करारांची कागदपत्रे तपासणे हे माझे काम असून, स्पेन आणि मेक्सिकोहून येणारी पत्रे निदान वरवर कळावीत, एवढ्याच हेतूने मी नाव नोंदवले होते. हा अभिप्राय कोर्टकचेरीच्या शब्दांवर डोळा ठेवून बसलेल्या माणसाचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वर्गाचे खरे बळ म्हणजे शिकवणाऱ्या बाई. पाचव्या आठवड्यात एक कॉलेजचा मुलगा गाल सुजवून आला आणि त्याने अक्कलदाढेची तक्रार केली, तेव्हा बाईंनी फळ्यावर ‘म्वेला देल हुइस्यो’ असे लिहून दिले. ‘म्वेला’ म्हणजे दाढ, हे ठीक. पण ‘हुइस्यो’ हा शब्द मी कार्यालयातील पत्रात खटल्याच्या अर्थाने पाहिला होता, म्हणून मी शंका विचारली. बाईंनी लगेच अर्थ न सांगता तीन प्रयोग पुढे ठेवले: ‘आ मी हुइस्यो’ म्हणजे माझ्या मते, ‘सानो हुइस्यो’ म्हणजे शाबूत बुद्धी, आणि ‘पेर्देर एल हुइस्यो’ म्हणजे वेड लागणे, पण कोर्टाच्या पायरीवर तेच वाक्य उच्चारले तर खटला हरणे. (ज्याने आपल्याकडील जमिनीचे दावे जवळून पाहिले आहेत, त्याला या दोन अर्थांतले अंतर फारसे वाटणार नाही.) मग त्यांनी आपल्याकडील ‘निवडणे’ आणि ‘निवाडा’ यांचे नाते दाखवले. सुपातले खडे वेगळे करणारी आजी आणि भाऊबंदांचे भांडण मिटवणारे पंच एकाच क्रियापदाच्या आश्रयाने काम करत असतील, तर लॅटिन ‘इउदिकिउम’पासून आलेल्या या शब्दात न्यायालय आणि अक्कल शेजारी नांदतात, याचे नवल वाटायचे कारण उरत नाही. स्पेनमध्ये याचाच उच्चार ‘हुइथ्यो’च्या जवळ जातो, हेही त्यांनी दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवले.

वर्गाच्या छापील टाचणांबद्दल मात्र असे चांगले बोलता येत नाही. त्यांतील शब्दसूचीत ‘हुइस्यो’समोर केवळ ‘निकाल’ असे दिलेले आहे. न्यायालयाच्या निकालाला स्पॅनिशमध्ये ‘सेंतेन्सिया’ म्हणतात. ‘हुइस्यो’ म्हणजे न्यायाधीशापुढे चालणारी सुनावणी, खटला. याचा फटका मला प्रत्यक्ष बसला. माद्रिदहून आलेल्या एका पत्रात ‘हुइस्यो वेर्बाल’ असे शब्द होते. मी टाचणावर विसंबून ‘तोंडी निकाल’ असा अर्थ लावला आणि प्रकरण संपल्याचे साहेबांना सांगून मोकळा झालो. वास्तविक स्पेनच्या 2000 सालच्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात ‘हुइस्यो ओर्दिनारियो’ आणि ‘हुइस्यो वेर्बाल’ असे दावा चालवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि दुसरा त्यांतला आटोपशीर, म्हणजे लहान रकमेच्या व काही ठरावीक स्वरूपाच्या दाव्यांसाठीचा आहे. आमचे प्रकरण संपलेले नव्हते, नुकतेच उभे राहिले होते. सुदैवाने स्पॅनिश अकादमीचा विधिविषयक शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. दुसऱ्या दिवशी तो उघडल्यावर चूक उमगली आणि साहेबांपुढे पुन्हा उभे राहावे लागले.

बाकीची व्यवस्था बेताची आहे. खोलीत वीस जण दाटीने बसतात, ध्वनिफिती खालच्या रस्त्यावरील हॉर्नमध्ये विरून जातात, आणि अभ्यासक्रम ए1 या अगदी सुरुवातीच्या पातळीच्या पलीकडे जात नाही. व्यवसायासाठी कायद्याची भाषा हवी असलेल्यांना तो पुरणार नाही. ज्यांना शब्दाच्या पोटात शिरायची गोडी आहे, त्यांनी मात्र बाईंसाठी अवश्य जावे. मी पुढच्या पातळीचा पहिला हप्ता भरला आहे. बाईंनी माझ्या प्रतीत पेन्सिलीने ‘खटला’ असे लिहूनही दिले. नव्या तुकडीच्या टाचणांत, परवा चाळून पाहिली तेव्हा, ‘निकाल’च कायम होता.