ग्रीसचा हनिमून स्वतः आखला : काही महिने उलटल्यावरचा अनुभव

आमचं लग्न डिसेंबरातलं. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच ग्रीसची बेटं मिटून बसलेली असतात. नोव्हेंबर ते मार्च सिक्लाडीस या बेटसमूहातली (नाक्सोस, सँटोरिनी वगैरे) बहुतेक हॉटेलं आणि खानावळी बंद, बोटी कमी, समुद्राचा भरवसा नाही. म्हणून हनिमून सप्टेंबरअखेरीवर ढकलला. घरातल्या मोठ्यांना ते विचित्र वाटलं ("आता वर्ष होत आलं, कसला हनिमून?"), पण आज सांगते, सगळ्या आखणीतला हाच सर्वांत मोलाचा निर्णय होता. सप्टेंबरअखेर समुद्र उन्हाळाभर तापून छान कोमट झालेला असतो, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि दुपारी अवशेषांमधून फिरता येईल इतपत ऊन असतं.

मधल्या महिन्यांत कागदपत्रं निवांत झाली. शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. नव्या नवरीला एकच सांगणं : पासपोर्टवर जे नाव आहे, त्याच नावाने तिकीट, विमा, हॉटेल, सगळं. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत जोडलं, कुठेही अडलं नाही.

आता मुख्य मुद्दा. एजंटांकडून आलेले आराखडे जवळपास एकाच साच्यातले होते : अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, कधी वर क्रीट, प्रत्येक ठिकाणी एक-दोन रात्री. कागदावर भरगच्च दिसतं. पण बेट बदलायचा दिवस कसा जातो ते पाहा. अकराला खोली सोडायची, बॅगा घेऊन बंदरावर थांबायचं, बोट, मग दुसऱ्या बंदरावरून हॉटेल, खोली तीनला मिळणार. उजेडाचा चांगला वेळ गेला. आम्ही ठरवलं की मुख्य मुक्काम एकाच मोठ्या बेटावर ठोकायचा, सकाळी अवशेष आणि दुपारनंतर समुद्र. बेट निवडलं नाक्सोस, सिक्लाडीसमधलं सर्वांत मोठं. इतके महिने उलटल्यावरही या निवडीबद्दल मला एक क्षण शंका आलेली नाही.

बोटींसाठी फेरीहॉपर हे ॲप बरेच महिने वापरलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी एकाच ठिकाणी दिसतात, बोट बदलून जायचे पर्याय कळतात, तिकीट फोनवर येतं. अडचण एवढीच की पुढच्या हंगामाची वेळापत्रकं कंपन्याच उशिरा जाहीर करतात. त्यामुळे आधी बेटं पक्की करायची, हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशी घ्यायची, आणि बोटीचं तिकीट नंतर. दुसरं, वेगवान बोटीचा मोह आवरा. पिरेयसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, नाक्सोसला मोठी बोट साधारण पाच-साडेपाच तास घेते, पण ती वाऱ्यात कमी हलते आणि डेकवर मोकळ्या हवेत बसता येतं. चढताना बोटीच्या पोटात, गाड्या उभ्या असतात तिथेच बॅगा ठेवायचे रॅक असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. उतरायच्या वेळी सगळे खाली त्या धडधडत्या अंधारात दाटीने उभे असतात, मागचं अवाढव्य दार खाली येतं आणि एकदम पांढरा उजेड आत घुसतो. बोट बंदरात काही मिनिटंच थांबते, तेव्हा घोषणा झाली की लगेच खाली यायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात असतो, पण वारा बाकीच्या महिन्यांतही वाढू शकतो आणि मग बोटी बंदरातच थांबवतात. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच हवी. यात तडजोड करू नका.

नाक्सोसला बोट शिरतानाच पोर्तारा दिसतो. अपोलोचं एक मंदिर इ.स.पू. ५३० च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या सत्ताधीशाच्या काळात सुरू झालं आणि अर्धवट राहिलं, त्याची ही संगमरवरी चौकट. सूर्यास्ताला तिथे सगळं गाव लोटतं. आम्ही सकाळी लवकर गेलो, दोघंच होतो. थेसिअस या वीराने आरिआड्नी या राजकन्येला याच बेटावर सोडून दिलं आणि इथेच मद्याचा देव डायोनिसस याने तिच्याशी लग्न केलं, अशी ग्रीक पुराणकथा आहे. नवविवाहितांनी यावं असंच हे बेट.

पण आम्ही दोघं अजूनही ज्याबद्दल बोलतो, ते आहे अपोलोनास गावाजवळच्या जुन्या खाणीतलं. डोंगराच्या कुशीत साडेदहा मीटर लांबीचा एक संगमरवरी पुरुष उताणा पडलेला आहे. दाढीचा आकार कळतो, हातांची नुसती सुरुवात आहे, पाय अजून दगडातच. सहाव्या शतकात, इसवीसनापूर्वी, कोणीतरी घडवायला घेतला आणि सोडून दिला. तिकीट नाही, काच नाही. छिन्नीच्या खुणा अगदी हाताशी दिसतात. नवरा स्थापत्याचं काम करतो, तो त्या खुणांपाशी कितीतरी वेळ वाकून बसला होता. डोंगरातून जाणारी बस कमी वेळा असते, तेव्हा परतीची वेळ आधी विचारून ठेवा.

हंगामात नाक्सोसहून डेलोसला दिवसाची सहल मिळते. अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्या ग्रीक देवतांचं हे जन्मस्थान, १९९० पासून जागतिक वारसा यादीत. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सच्या लोकांनी बेट 'शुद्ध' केलं, थडगी उकरून शेजारच्या बेटावर नेली आणि इथे कोणी जन्मायचं नाही, मरायचं नाही असा नियम केला. पुढे रोमन काळात हेच बेट गजबजलेलं व्यापारी बंदर झालं. आजही पर्यटकांना इथे रात्री राहता येत नाही. घरांच्या जमिनीवरची रंगीत खड्यांची चित्रं पाहायलाच हवीत. ओळीने बसलेले सिंह प्रतिकृती आहेत, मूळचे तिथल्या संग्रहालयात. सावली जवळजवळ नाही. पाणी आणि टोपी न्याच.

सँटोरिनीला दोन रात्री पुरतात. कॅल्डेराकडे (ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात समुद्र शिरून झालेल्या खोलगट भागाकडे) तोंड असलेली खोली एका रात्रीपुरती घ्या, दुसऱ्या रात्री आत गावात राहा, पैसे वाचतात. तिथे खरं पाहायचं ते अक्रोतिरी. इ.स.पू. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव, दुमजली-तिमजली घरं, सांडपाण्याची गटारं, रांगेने ठेवलेले रांजण. माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, म्हणजे लोक वेळेत निघून गेले असावेत. सगळ्यावर छप्पर आहे, त्यामुळे भर दुपारीही चालतं.

अथेन्सचं फिरणं आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं. अक्रोतिरीतल्या रिकाम्या भिंती आधी पाहिल्या होत्या, आणि तिथून काढलेलं वसंताचं भित्तिचित्र राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नंतर पाहिलं. लाल लिलीची फुलं, हवेत चोचीला चोच भिडवणाऱ्या पाकोळ्या. क्रम उलटा असता तर ते एक सुंदर चित्र वाटलं असतं, इतकंच. अक्रोपोलिसला, म्हणजे शहरातल्या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांना, सकाळी आठची पहिली वेळ ऑनलाइन घ्या. तिथला संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, पकड असलेले बूटच हवेत.

शाकाहाराचं : फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच म्हणा, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल), टोमॅटोत भाजलेल्या मोठ्या पावट्यांचे गिगांतेस, पालक भरलेली पाई. भरलेल्या टोमॅटो-मिरचीत कधी खिमा असतो, तो विचारून घ्या. हॉटेलात प्रत्येक रात्रीला वेगळा कर पडतो, एप्रिल ते ऑक्टोबर तीन तारांकित खोलीला ५ युरो, पाच तारांकितला १५. तो बहुधा तिथेच भरावा लागतो, बजेटात धरा.

माझ्या मैत्रिणीचं लग्न नुकतंच झालं आणि ती मे महिन्यात निघतेय. तिला आमचाच आराखडा दिलाय, दोन बदल करून : मेमध्ये पाणी अजून गार असतं म्हणून समुद्राचे दिवस कमी आणि डोंगरातली गावं जास्त, आणि १ मे हा दिवस बोटीसाठी किंवा अवशेषांसाठी ठेवायचा नाही. त्या दिवशी प्राचीन स्थळं बंद असतात आणि बोटींचे संपही होतात.